आजोबा कोणत्या खात्यात होते?

२०२३ साली म्हाडाने मुंबईतल्या बंद गिरण्यांचे कामगार आणि त्यांचे वारस यांच्याकडून घरांच्या योजनेसाठी पात्रतेचे पुरावे मागवले. कोणते कागद चालतील याची यादी जाहीर झाली होती. गिरणीचे ओळखपत्र, तिकीट क्रमांक, सर्व्हिस प्रमाणपत्र, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, ईएसआयसीचा क्रमांक, हजेरीपत्र, रजेच्या नोंदवहीची प्रत, ग्रॅच्युइटीचा पुरावा, पगाराची पावती. यादी सरकारी आहे, तेव्हा तिच्यात ओलावा शोधण्यात अर्थ नाही. तरीही वर्तमानपत्रांत रोज छापून येणाऱ्या निधनवार्तांशेजारी ती एकदा ठेवून पाहावी. निधनवार्तेत नाव असते, वय असते, मनमिळाऊ आणि कष्टाळू अशी स्वभावाची दोन विशेषणे असतात, आणि मागे किती मुलगे, सुना, मुली, जावई, नातवंडे राहिली याचा हिशेब असतो. चौकातल्या फ्लेक्सवर तर फोटो आणि शोकाकुलांची नावे एवढेच उरते. हा माणूस तीस-पस्तीस वर्षे दिवसाचे आठ तास कुठे उभा होता, त्याच्या हातांना काय येत होते, ते त्याला कुणी शिकवले, यातले काहीही तिथे नसते. वारसाला घर हवे असेल तर सरकार मात्र नेमके तेच विचारते: वडील कोणत्या गिरणीत होते, तिकीट नंबर काय. ज्या घरांत हा प्रश्न त्याआधी कुणी विचारलाच नव्हता, त्या घरांची पंचाईत तिथे सुरू होते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की कष्ट करून घर उभे करणाऱ्या वडिलांची आणि आजोबांची आठवण आपण त्यांचे काम वगळून ठेवतो, आणि काम वगळले की हाती उरतो तो कुठल्याही घरात खपून जाईल असा एक सज्जन म्हातारा. 'त्यांनी आमच्यासाठी खूप खस्ता खाल्ल्या' हे वाक्य खोटे नसते. पण ते शेतकऱ्याला लागू पडते, एसटीच्या ड्रायव्हरला लागू पडते, भायखळ्याच्या भाजी बाजारातल्या हमालाला लागू पडते आणि प्राथमिक शाळेच्या मास्तरांनाही लागू पडते. जे सगळ्यांना लागू पडते त्यातून एक माणूस ओळखू येत नाही. इथे मी गिरणी कामगाराचे उदाहरण घेतो आहे, कारण त्याच्या कामाचा इतिहास बऱ्यापैकी लिहिला गेला आहे आणि महाराष्ट्रातल्या लाखो घरांत असा एक वडील किंवा आजोबा होऊन गेला आहे. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांत तर दोघेही.

कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी १८५४ साली काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत लालबाग, परळ, वरळी, शिवडी, भायखळा, चिंचपोकळी हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. १९८२ च्या संपाच्या वेळी तिथे साठेक गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर या जिल्ह्यांतून माणसे येत, उत्तर प्रदेशातून येत, तेलंगणातून पद्मशाली विणकर येत. काम मिळे ते बहुतेक वेळा नात्यातल्या किंवा गावातल्या माणसाच्या ओळखीने, जॉबरच्या म्हणजे भरती करणाऱ्या मुकादमाच्या शब्दावर. राजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकाराने या भरतीचा बारकाईने अभ्यास केला आहे. गावाच्या आणि नात्याच्या धाग्यांवर इतका मोठा उद्योग चालला होता, म्हणूनच बाप आणि मुलगा एकाच गिरणीत, कधी एकाच खात्यात असणे हे तिथे नवलाचे नव्हते.

आपल्याकडे पूर्वजांची नोंद ठेवण्याची सवयच नाही, असे कुणी म्हणेल तर ते खरे नाही. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह या तीन पिढ्यांची नावे गोत्रासकट घ्यावी लागतात. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत; गाव आणि आडनाव सांगितले की ते पणजोबांच्या भेटीची नोंद काढून दाखवतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात हेळवी गावोगाव फिरत, घराण्याची वंशावळ म्हणून दाखवत, नवी नावे जोडून घेत आणि त्याबद्दल धान्य-पैसे नेत. म्हणजे स्मरणशक्ती होती, व्यवस्था होती, तिचा मोबदला देण्याची तयारीही होती. मात्र या सगळ्या नोंदींचा भर कूळ, गाव आणि वंश यांवर आहे. ज्या समाजात पोराचे काम बापाच्या कामावरून ठरलेलेच असे, तिथे काम वेगळे लिहून ठेवायची गरज नव्हती. जात लिहिली की काम आलेच. गिरणीने हा मेळ मोडला. कुणब्याचा मुलगा ताणे भरू लागला, मराठा तरुण साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, उभा राहिला. काम बदलले आणि आठवणीचा साचा मात्र जुनाच राहिला. श्राद्धाच्या संकल्पात ताडदेव किंवा डिलाइल रोड येण्याची सोय नाही, आणि घरानेही ती वेगळी केली नाही.

आता नुसते खाते कळले तर काय कळते ते पाहू. गिरणीत कापूस फोडण्यापासून कापडाची घडी घालेपर्यंत एकेका टप्प्याचे वेगळे खाते असे, आणि प्रत्येकात काम करणाऱ्याच्या शरीरावर वेगळा परिणाम होई. कापूस फोडण्याच्या ब्लोरूममध्ये आणि तो पिंजण्याच्या कार्डिंगमध्ये कापसाची धूळ सगळ्यांत जास्त. वर्षानुवर्षे ती छातीत गेल्याने बिसिनोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, आणि त्याची एक विचित्र खूण अशी, की आठवड्याची सुट्टी संपवून कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो, आणि सुरुवातीच्या काळात पुढच्या दिवसांत बरे वाटू लागते. कायद्याने हा व्यावसायिक आजारांत मोजला जातो. विणकामात, म्हणजे साळखात्यात, धुळीपेक्षा आवाज भयंकर. शेकडो साचे एकाच शेडमध्ये खडखडत असत, धोटा या टोकाहून त्या टोकाला फेकला जाई, आणि शेजारच्याशी बोलायचे तर ओठांची हालचाल आणि हाताच्या खुणा यांवरच काम भागे. धागा तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम दमटपणा ठेवलेला असे. कताईच्या त्रासन खात्यात माणूस लांबलचक फ्रेमांमधून पाळीभर चालत राही आणि तुटलेले धागे बोटांच्या एका झटक्यात सांधत जाई. ते बोटांचे कसब नव्या माणसाला दोन दिवसांत येत नसे.

या माहितीने आजोबांचा स्वभावही वेगळा दिसू लागतो. घरात ज्यांची आठवण 'आवाज फार मोठा, जरा तापट' अशी राहिली आहे ते वीस वर्षे साळखात्यात असतील, तर मोठ्या आवाजाचे कारण स्वभावात शोधण्याआधी कानांत शोधले पाहिजे. सोमवारी सकाळी ज्यांची चिडचिड होई ते कार्डिंगमध्ये असतील, तर ती चिडचिड श्वास न पुरण्याचीही असू शकते. असू शकते, एवढेच म्हणतो. मृत माणसाचे निदान नातवाने करू नये. पण काम ठाऊक असले तर निदान हा प्रश्न तरी पडतो. नसले तर तापट हा शेरा कायमचा चिकटतो, आणि ज्या शेडने तो स्वभाव घडवला ती सुटून जाते.

खाते कळल्यावर आणखी एक गोष्ट कळते, आणि ती अनेक घरांना नकोशी असते. हातमागाच्या मानाने यंत्रमागाचा धोटा भराभर रिकामा होई. नवी कांडी घातली की तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढायची पद्धत होती. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना साळखात्यात घेत नसत. ते मुख्यतः त्रासन खात्यात राहिले, आणि चांगली मजुरी होती ती विणकामात. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला आणि संपाच्या पुढाऱ्यांनाही त्याकडे पाहणे भाग पाडले. म्हणजे आजोबा किंवा पणजोबा साच्यावर होते की फ्रेमवर, हा केवळ नोकरीचा तपशील नाही. एका घराला जास्त पगार का मिळाला, एखाद्या पिढीला शिक्षणाचा खर्च का परवडला आणि शेजारच्या चाळीतल्या घराला का परवडला नाही, याचे थोडेफार उत्तर त्यात आहे. 'आमच्या आजोबांनी शून्यातून विश्व उभे केले' असे म्हणणाऱ्या नातवाने ते शून्य कुठल्या खात्यात होते हे पाहावे. कुणाचे शून्य दुसऱ्याच्या शून्यापेक्षा वर असे.

यावर पहिला आक्षेप सरळ आणि माणुसकीचा आहे. घर म्हणजे काही पुराभिलेखागार नव्हे. बापाची आठवण मायेने ठेवायची असते, सर्व्हिस बुकाने नाही; लेकराला त्यांच्या खांद्यावर बसून पाहिलेला लालबागचा गणपती आठवतो, ते पुरेसे आहे. हे मान्य केलेच पाहिजे, आणि मायेच्या जागी कागद ठेवा असे इथे कुणी म्हणत नाही. मात्र माया ज्या गोष्टींना चिकटते त्यांतल्या कित्येक कामातूनच आलेल्या असतात. रविवारचेच पाहा. मुलांना वडील दिसत ते रविवारी, कारण इतर दिवशी पाळीमुळे ते झोपलेले तरी असत किंवा बाहेर तरी. हा रविवार आकाशातून पडला नव्हता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज दिले, तेव्हा १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. खांद्यावरच्या गणपतीमागेही पाळीचे वेळापत्रक, उत्सवासाठी टाकलेला खाडा आणि बोनसची तारीख असते. तपशील मायेला कमी करतो ही समजूत मला पटत नाही. तपशिलावाचून माया थोड्या वर्षांत विशेषणांवर येऊन थांबते, हे निधनवार्तांचे रकाने रोज सांगत आहेत.

खस्ता खाण्याच्या या आठवणीत आणखी एक खोट आहे. तिच्यात वडील फक्त मुलांसाठी जगलेले दिसतात. गिरणगावातला पुरुष तसा नव्हता, आणि नव्हता हे बरेच झाले. तो भजनी मंडळात होता, तालमीत होता, कबड्डीच्या संघात होता. कामगार कल्याण केंद्रांच्या नाट्यस्पर्धांत तो उभा राहिला, परळच्या दामोदर नाट्यगृहात त्याने नाटके केली आणि पाहिली. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेखांचे पोवाडे त्याने मैदानात बसून ऐकले. गिरणी कामगार युनियनच्या लाल बावट्याखाली तो निघाला, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्याने लाठ्या खाल्ल्या, आणि त्या लढ्यातल्या १०६ हुतात्म्यांत गिरणगावची माणसे होती. रातपाळीहून आल्यावर तालीम करणारा माणूस ती पोरांच्या फीसाठी करत नव्हता. त्याला ती आवडत होती. त्यागाची गोष्ट सांगताना मुले नकळत बापाच्या आयुष्यातला हा स्वतःचा भाग काढून टाकतात, कारण तो ऋणाच्या हिशेबात बसत नाही. उरलेले सगळे आयुष्य मग मुलांवरचे कर्ज होते, आणि फेडता न येणाऱ्या कर्जाबद्दल माणूस फार काळ बोलत नाही.

शिवाय त्या कष्टांना एकट्या कर्त्या पुरुषाचे मानणे हिशेबाने चूक आहे. गिरणी कामगारांतल्या फार मोठ्या संख्येची कुटुंबे गावीच असत. मुंबईत पुरुष गावाच्या मंडळाने भाड्याने घेतलेल्या गाळ्यात दहा-वीस जणांबरोबर राहत. ट्रंक आणि वळकटी हीच ज्याची त्याची जागा, आणि एका पाळीचा माणूस कामाला गेला की त्याच्या जागी दुसऱ्या पाळीचा झोपे. जेवण खानावळीत, म्हणजे चाळीतल्याच एखाद्या बाईच्या घरी, महिन्याच्या पैशांवर. ती बाई पहाटे उठून पाळ्यांच्या वेळा सांभाळत डबे भरी. पगार झाला नाही तर तिचे पैसे थकत, संप झाला तर तीही सावकाराच्या दारात उभी राही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते या खानावळवाल्या बायकांसाठीच. इकडे गावात बायको भाताची लावणी, गुरे, म्हातारे सासू-सासरे आणि मुले असा सगळा संसार ओढत होती. मनीऑर्डर येई, पण तिच्यावर घर चाले ही अर्धीच गोष्ट. गावच्या शेतीचा आधार होता म्हणून गिरणीमालकाला कामगाराचे आजारपण, म्हातारपण आणि संपातले महिने यांची चिंता फारशी वाहावी लागली नाही. मुंबईच्या त्या उद्योगाचा खर्च कोकणातल्या आणि साताऱ्याच्या बायकांनी भागवला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आणि काही घरांत आजोबांइतकीच आजीही गिरणीत होती. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांमागे एक स्त्री असे, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. स्त्रियांना रात्रीच्या कामाला बंदी आली, १९२९ मध्ये प्रसूतिरजेचा कायदा आला, नवी यंत्रे आली, आणि बायका ठेवणे महाग पडते असे मालकांना वाटू लागले. बायकांची संख्या दशकामागून दशक घसरत गेली. कवी नारायण सुर्वे यांना रस्त्यावरून उचलून वाढवणारे गंगाराम आणि काशीबाई सुर्वे हे गिरणीतले कष्टकरी जोडपे मराठी वाचकांना नावाने ठाऊक आहे. दत्तक घेतलेल्या मुलाने लिहिले म्हणून ते ठाऊक झाले. रक्ताच्या नात्यातल्या किती मुलांनी एवढे केले?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. त्या पिढीतले पुष्कळ पुरुष कामाविषयी बोललेच नाहीत. घरी आले, जेवले, झोपले. त्यांनी जे झाकून ठेवले ते उकरून काढायचा अधिकार नातवाला कुणी दिला? विशेषतः १९८२ नंतरच्या गोष्टी. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. वेतनवाढ आणि बदली, म्हणजे गरजेप्रमाणे रोजच्या रोज घेतल्या जाणाऱ्या, कामगारांना कायम करणे या मागण्यांबरोबर मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करावा, अशीही मागणी होती. कारण त्या कायद्यामुळे कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिला होता आणि कामगारांचा मोठा भाग त्या संघटनेला आपली मानत नव्हता. संप कधीही रीतसर मागे घेतला गेला नाही. काही जण महिनोन्‌महिने घरी बसून मग पोलिसांच्या गाड्यांच्या बंदोबस्तात गेटातून आत गेले, आणि त्यांना शेजाऱ्यांच्या शिव्या खाव्या लागल्या. काही जण गावी गेले ते परत आलेच नाहीत. काहींनी भाजीच्या गाड्या लावल्या, वॉचमनची कामे धरली, काहींची मुले टोळ्यांत गेली. जयंत पवारांचे 'अधांतर' हे नाटक अशाच एका घराची गोष्ट सांगते. अशा माणसाने गप्प राहायचे ठरवले असेल तर त्या गप्प राहण्याचा मान ठेवायला हवा, हा मुद्दा रास्त आहे.

पण या मौनाचा दुसरा अर्थही लागतो. इतर नोकऱ्यांत निवृत्तीचा एक दिवस असतो, हार असतो, नारळ असतो, फोटो असतो. गिरणी कामगारांच्या शेवटच्या पिढीतल्या बहुसंख्यांना असा दिवस मिळालाच नाही. त्यांचे काम कोणत्या तारखेला संपले हे त्यांनाही नक्की सांगता आले नसते. संप चालू होता, गिरणी बंद होती, थकबाकी बाकी होती, खटला न्यायालयात होता. ज्या गोष्टीला शेवट नाही ती घरात बसून सांगायची कशी? म्हणून त्यांच्या गप्प राहण्याला नेहमीच मूक संमती किंवा लाज समजू नये. विचारणारे कुणी नव्हते, हेही कारण असते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ साली 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' हा मौखिक इतिहास प्रसिद्ध केला. त्यात हीच माणसे बोलली आहेत, आणि भरभरून बोलली आहेत. फरक एवढाच, की समोर कुणीतरी बसून खात्याचे, पाळीचे, पगाराचे प्रश्न नीट विचारत होते. संपात आत गेलेल्या माणसाबद्दल बोलायचे तर त्याच्या मुलाने ते चारचौघांत सांगावे अशी सक्ती नाही. मात्र आत जाणाऱ्याच्या घरात त्या महिन्यात किती दाणे होते हे ठाऊक असलेला नातू इतरांच्या आजोबांना गद्दार म्हणताना थोडा अडखळेल.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. कागद कुठे आहेत? गिरण्या पाडल्या, जमिनी विकल्या, फिनिक्स मिलचा मॉल झाला, ज्युपिटर मिलच्या जागी काचेचे ऑफिस टॉवर आले. हजेरीची रजिस्टरे कुणी जपली असतील? हे खरे आहे, आणि घरांच्या योजनेत याच अडचणीने लोक हैराण झाले. १९८९ साली स्थापन झालेल्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने, दत्ता इस्वलकरांनी आणि इतर संघटनांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले तेव्हा गिरण्यांच्या जमिनीतला काही हिस्सा कामगारांच्या घरांसाठी आला. २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत निघाली, आणि अर्ज दीड लाखांच्या घरात गेलेले असताना घरे काही हजारांतच राहिली. तरीही कागद नाहीत म्हणून सगळे गेले असे होत नाही. ट्रंकेच्या तळाशी ईएसआयसीचे कार्ड सापडते. गावच्या मंडळाच्या वर्गणीच्या वहीत नाव आणि गाळा सापडतो. पोस्टाच्या मनीऑर्डरीची पावती सापडते, तिच्या कूपनावर दोन ओळींचा मजकूरही. शिवाय माणसे आहेत. १९८२ साली विशीत असलेला बदली कामगार आज साठी ओलांडून गेला आहे, पण आहे. रोज सकाळी गेटवर उभे राहून आज काम मिळेल की नाही याची वाट पाहणे म्हणजे काय, हे तो अजून सांगू शकतो. कुणाचे वडील साच्यावर कसे होते, एका माणसाकडे दोन साच्यांचे चार झाले तेव्हा कोण काय म्हणाले, हे शेजारच्या साच्यावरच्या माणसाला घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक असते. आपण वडिलांचे नातेवाईक मोजतो, त्यांचे सोबती मोजत नाही.

एक शंका डाव्या बाजूनेही येते. इतक्या पिळवणुकीच्या कामाचे गोडवे कशाला गायचे? धूळ, आवाज, रातपाळी, जॉबरची दादागिरी. हे जपून ठेवण्यासारखे आहे का? मला वाटते, गोडवे गाणारे आणि काम वगळणारे एकाच वाटेने जातात. कष्टाची मोघम स्तुती पिळवणुकीला सोयीची असते, कारण तिच्यात कष्ट हा माणसाचा गुण होतो आणि मालक, कायदा, यंत्र यांतले कुणीच चित्रात राहत नाही. कार्डिंगमध्ये धूळ शोषून घेणारी यंत्रणा होती की नव्हती, बदली म्हणून किती वर्षे काढली, कायम कधी झाले, हे लिहिले की पिळवणूक आपोआप दिसते, आणि त्याच कागदावर तुटलेला धागा सांधणारे बोटही दिसते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या.

सरकारच्या यादीची थोरवी मात्र इथेच थांबते. घरांची योजना १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेल्यांसाठी आहे. त्याआधी निवृत्त झालेला, धुळीने खचून काम सोडलेला, वाइंडिंगमधून कमी केलेली बाई या तारखेच्या अलीकडे येतच नाहीत, आणि खानावळवालीला तर तिकीट नंबर कधी नव्हताच. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्र संग्रहालय उभारायचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. तिथे साचे ठेवता येतील, भोंगाही वाजवून दाखवता येईल. त्या साच्यावर दुसऱ्या पाळीला कोण होते हे घरांनाच सांगावे लागेल, आणि त्यासाठी आजोबांइतकेच आजीलाही विचारावे लागेल: त्या महिन्यात मनीऑर्डर किती रुपयांची आली होती, आणि आली नाही तेव्हा काय केले?